पोलाद, बेअरिंग आणि वारा

अमेरिकी शिल्पकार आर्थर गॅन्सन याचं ‘मशीन विथ काँक्रीट’ हे शिल्प पाहताना वाटतं, कारखान्यातली एखादी चाचणी चालू आहे. एका टोकाला मिनिटाला 200 फेरे घेणारी विजेची मोटर, तिला जोडलेल्या वर्म गिअरच्या 12 जोड्या एका रांगेत, आणि दुसऱ्या टोकाला काँक्रीटचा ठोकळा. प्रत्येक जोडी वेग 50 पटींनी उतरवते. बाराव्या जोडीपर्यंत येता येता वेग इतका उतरतो, की शेवटच्या चाकाला एक फेरा पुरा करायला दोन लाख कोटी वर्षांहून जास्त काळ लागेल. विश्वाचं वय सुमारे 1,380 कोटी वर्षं मानतात. ते शेवटचं चाक काँक्रीटमध्ये पक्कं गाडलेलं आहे, तरी मोटर अडत नाही की तापून जळत नाही. अडथळा तिच्यापर्यंत पोचायलाच युगं लागणार आहेत.

कारखान्याच्या साहित्यातून केलेल्या, आकाराने अगदी काटकसरी अशा गतिशिल्पांना आता शंभर वर्षं झाली. त्या शंभर वर्षांतले बहुतेक प्रश्न या टेबलभर यंत्रात भेटतात. साहित्य बाजारात मिळतं तसं, अलंकार नाही, कथा नाही. आणि पाहणाऱ्याच्या मनात राहतो तो काळाचा आवाका.

शिल्पाला गतीची ओढ जुनीच आहे. वेरूळच्या कैलास लेण्यात रावण पर्वत हलवतो आहे. दगड जागचा हलत नाही, पण हादरा आपल्यापर्यंत येतो. विसाव्या शतकात काही शिल्पकारांनी ही सुचवलेली गती बाजूला ठेवून खरीखुरी गती हाताळायला घेतली. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की आकार गजबजलेला असला की नजर आकारातच गुंतते आणि हालचाल मागे पडते. म्हणून सळई, पट्टी, पत्रा, गोळा, चौकट एवढंच उरलं. या कलेतलं चांगलं काम ओळखायची माझी कसोटी यातूनच येते: ते हलायचं थांबलं, तर पाहण्यासारखं फारसं काही उरू नये. ही कसोटी लावली की काही गाजलेली नावं मागे सरतात, काही कमी ऐकलेली पुढे येतात, आणि बेअरिंगसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या सुट्या भागाला शिल्पात मध्यवर्ती जागा मिळते.

आरंभ मॉस्कोत झाला. 1919-20चा हिवाळा, रशियात यादवी युद्ध, सगळ्या वस्तूंची टंचाई. नाउम गाबोने विजेच्या घंटीतली यंत्रणा मिळवून तिच्यावर एक बारीक पोलादी सळई उभी बसवली. यंत्रणा सुरू झाली की सळई थरथरते, दिसेनाशी होते, आणि तिच्या जागी हवेत एक फुगीर, पारदर्शक आकार उभा राहतो. वीज बंद केली की पुन्हा नुसती सळई. गाबो म्यूनिकला अभियांत्रिकी शिकलेला होता आणि हे उपकरण त्याने विद्यार्थ्यांना कल्पना समजावण्यासाठी केलं होतं. पुढेही तो त्याला शिल्पापेक्षा एका विचाराचं स्पष्टीकरणच मानत राहिला. 1920च्या ऑगस्टमध्ये भाऊ आंत्वान पेव्हस्नेर याच्यासह त्याने जाहीरनामा काढला, त्यात घनतेऐवजी अवकाश आणि काळ यांना शिल्पाचा पाया ठरवलं. गाबोचा संकोच मला पटत नाही. एका सळईतून आणि एका कंपातून आकार निर्माण करणं हे पूर्ण शिल्पच आहे, आणि नंतरच्या अनेक मोठ्या कामांना ते मागे टाकतं. त्याच्याआधी 1913मध्ये मार्सेल द्यूशाँने स्टुलावर सायकलचं चाक उलटं बसवलं होतं हे खरं. पण त्याला वस्तू निवडण्यात रस होता, गती घडवण्यात नव्हता.

लास्लो मोहोली-नॉज याचं 1930चं प्रकाशयंत्र इतिहासात महत्त्वाचं आहे. धातूच्या जाळ्या, भोकं पाडलेल्या चकत्या, काच आणि मोटर यांतून ते खोलीभर छाया फिरवतं. मात्र काटकसर हा त्याचा गुण नाही.

अलेक्झांडर काल्डर इथे सगळ्यांत मोठा मानला जातो आणि त्याला कारण आहे. त्याने 1919मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. 1930मध्ये पॅरिसला चित्रकार मोंड्रियानच्या स्टुडिओत भिंतीवरचे रंगीत चौकोन पाहून त्याला वाटलं, हे हलायला हवेत. आधी त्याने मोटर आणि हातदांडे वापरले. 1931मध्ये द्यूशाँने त्या कामांना ‘मोबाइल’ हे नाव दिलं. थोड्याच काळात काल्डरला मोटरचा कंटाळा आला, कारण मोटर तेच तेच करते. मग पत्रा, तार आणि वारा. एका दांडीला दुसरी टांगायची, प्रत्येकीचा तोल वेगळा साधायचा, की सगळ्या फांद्या आपापल्या लयीत फिरतात आणि तीच मांडणी सहसा पुन्हा जमत नाही.

त्याच्या शेवटच्या काळातली एक गोष्ट साहित्याच्या दृष्टीने फार बोलकी आहे. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीच्या पूर्व इमारतीसाठी त्याने प्रचंड मोबाइल आखला. नेहमीच्या पोलादात तो इतका जड झाला असता, की घरातल्या मंद हवेने हललाच नसता. पॉल मातीस याने, म्हणजे चित्रकार आन्री मातीसच्या नातवाने, विमानात वापरतात तसा मधमाश्यांच्या पोळ्याच्या रचनेचा ॲल्युमिनियम घेऊन तो बांधला. वजन 920 पौंडांवर, म्हणजे सुमारे 420 किलोंवर आलं आणि तो हलू लागला. काल्डर 1976मध्ये वारला. मोबाइल 1977मध्ये टांगला गेला. आकार तोच ठेवून साहित्य बदललं नसतं, तर छताला लटकलेला जड पत्रा तेवढा उरला असता.

तरीही काल्डरच्या कामात पानं आहेत, मासे आहेत, खेळकर रंग आहेत. शुद्ध गतीकडे जायला जॉर्ज रिकी लागला, आणि या आढाव्यात त्याच्यापाशी मला जास्त थांबायचं आहे. जन्म 1907, अमेरिकेतला. बालपण स्कॉटलंडमध्ये, कारण वडील क्लाइडबँकच्या सिंगर शिलाई मशीनच्या कारखान्यात अभियंता होते. आजोबा घड्याळजी. रिकी ऑक्सफर्डला इतिहास शिकला, पॅरिसला त्याने चित्रकला केली, आणि दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानदलात बंदुकांच्या यंत्रणांवर काम करताना त्याचे हात पुन्हा यंत्राकडे वळले. तोवर तो पस्तिशी ओलांडून गेला होता.

त्याची पुढची सगळी कारकीर्द स्टेनलेस स्टीलच्या मोजक्या आकारांत गेली: लांब निमुळती पाती, चौकोन, चौकटी. 1964मध्ये जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्याने दोन पाती उभी केली, उंची 35 फूट. वाऱ्याची झुळूक आली की ती झुकतात, एकमेकांजवळून जातात, परततात. इतक्या उंच पोलादी वस्तू वेगाने हलल्या तर भीती वाटेल. ही पाती हलतात ती शांतपणे, आणि त्यामागे शाळेतल्या लंबकाचंच गणित आहे. टेकूचा बिंदू गुरुत्वमध्याच्या जितका जवळ, तितका वस्तूला मूळ जागी ओढणारा जोर कमी आणि झोका लांबलेला. पात्याच्या खालच्या टोकात शिसं भरून रिकी गुरुत्वमध्य टेकूच्या अगदी किंचित खाली आणून ठेवत असे. सुरुवातीच्या कामांत टेकू म्हणून त्याने धारेवर तोललेली दांडी वापरली, सोनाराच्या काट्यात असते तशी; पुढे बॉल बेअरिंग आले. घर्षण जवळजवळ नाही, म्हणून गालाला न जाणवणारी हवाही पात्याला पुरते. आणि तोल इतका नेमका, की वादळातही पाती स्वतःला सावरतात. पृष्ठभागावर तो ग्राइंडर फिरवून ओरखडे उठवत असे, त्यामुळे आरशासारखी झळाळी जाऊन प्रकाश विखुरतो आणि पोलाद आकाशाचा रंग घेतं.

यात कलावंताचा निर्णय कुठे आहे? शिसं किती भरायचं यात. शंभर ग्रॅम इकडे तिकडे झाले की झोक्याचा काळ बदलतो. चित्रकार रंग मिसळतो तसा रिकी सेकंद मिसळत होता, आणि हे काम त्याने 2002मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडलं नाही.

न्यूझीलंडचा लेन लाय अगदी वेगळ्या वृत्तीचा. तो मूळचा चित्रपटकार. फिल्मवर थेट ओरखडे काढून चलच्चित्रं करणारा. त्याच्या 1959च्या ‘ब्लेड’मध्ये पोलादाची एक उभी पट्टी तळातून मोटरने हलवली जाते. वेग वाढत जातो तसे पट्टीत आधी एक बाक, मग दोन असे लहरींचे टप्पे दिसतात. पट्टी शेजारच्या दांडीवरच्या गोळ्यावर आपटते आणि पोलाद गर्जतं. गाबोच्या सळईशीच हिचं नातं, पण गाबोला त्यात आकार दिसला, लायला नाच आणि आवाज दिसला. पोलाद वाकवलं की परत येतं, हा कारखान्यात स्प्रिंग बनवणाऱ्याचा रोजचा अनुभव. लायने त्यातून उन्माद काढला. रिकीची शांती आणि लायचा थरार या दोन टोकांत मला एकाची निवड करता येत नाही आणि करावीशीही वाटत नाही. लाय 1980मध्ये वारला, तेव्हा त्याची बरीच मोठी स्वप्नं कागदावरच होती. न्यू प्लिमथ शहरात त्याच्या नावाच्या प्रतिष्ठानने अभियंत्यांना हाताशी धरून ती बांधायला घेतली. 45 मीटर उंचीची लाल ‘विंड वाँड’ समुद्रकाठी उभी राहिली, 2015मध्ये लेन लाय सेंटर उघडलं. कलावंताच्या पश्चात बांधलेलं शिल्प त्याचंच म्हणायचं का? आराखड्यावरून घर बांधलं तर ते वास्तुविशारदाचंच ठरतं. इथेही ते मान्य करावं असं मला वाटतं, अट एकच की गतीचा वेग बांधणाऱ्याच्या सोयीने ठरू नये.

या सगळ्यांच्या मध्ये 1955चं पॅरिस आहे. दनीज रने हिच्या गॅलरीत त्या वर्षी ‘ल मूव्हमाँ’ हे प्रदर्शन भरलं. काल्डर, द्यूशाँ, सोतो, आगाम, तँगेली, पोल ब्यूरी, व्हासारेली एकत्र आले आणि गतिकला ही चळवळ म्हणून ओळखली जाऊ लागली. तँगेलीची भंगाराची खडखडणारी यंत्रं सगळ्यांत लोकप्रिय झाली, पण ती आपल्या विषयाच्या उलट टोकाला आहेत. ब्यूरी इथला खरा माणूस: त्याची कामं इतकी सावकाश हलतात, की हललं का, अशी शंका घेत आपण उभे राहतो. ग्रीसच्या ताकिसने चुंबक वापरून धातूच्या सुया हवेत ताणून धरल्या. दोऱ्याने बांधलेली सुई चुंबकाकडे झेपावते आणि मध्येच अडून राहते. ब्राझीलच्या लिजिया क्लार्कने 1960च्या सुमारास बिजागऱ्यांनी जोडलेले ॲल्युमिनियमचे पत्रे केले आणि ते हलवायचं काम प्रेक्षकावर सोपवलं.

न्यूयॉर्कच्या मिनिमलिस्टांनी मात्र गती टाळली. डोनाल्ड जड 1964पासून बर्नस्टीन ब्रदर्स या पत्रा-कारखान्यातून आपल्या पेट्या बनवून घेत होता. 1966च्या ‘प्रायमरी स्ट्रक्चर्स’ प्रदर्शनाने या काटेकोर घनाकृतींना मान्यता दिली. वस्तू स्थिर, प्रेक्षक तिच्याभोवती फिरणारा, असा त्यांचा हिशेब होता. त्याच शहरात टोनी रोझेन्थालने 1967मध्ये ॲस्टर प्लेसच्या चौकात ‘अलामो’ उभारलं: गंज धरून टिकणाऱ्या कॉर्टेन पोलादाचा आठ फुटी घन, वजन सुमारे 1,800 पौंड, एका कोपऱ्यावर तोललेला. तो तात्पुरता ठेवायचा होता. रहिवाशांनी अर्ज करून ठेवून घेतला. दोघातिघांनी खांदा लावला की घन आसाभोवती फिरतो. जडच्या पेटीला हात लावला तर रखवालदार धावून येईल. इथे अनोळखी माणसं मिळून लोखंड ढकलतात आणि ते फिरू लागलं की एकमेकांकडे पाहतात. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत रोझेन्थालला जडच्या तुलनेत ओळभरच जागा मिळते. माझ्या मते हा अन्याय आहे. मिनिमलिझमने प्रेक्षकाच्या देहाबद्दल जे सिद्धान्त मांडले, ते या घनाने रस्त्यावर खरे करून दाखवले.

अलीकडच्या पिढीत स्वित्झर्लंडचा झिमून याचं नाव आधी घ्यायला हवं. पुठ्ठ्याची खोकी, लहान डीसी मोटरी, तार, कापसाचे गोळे. शेकड्यांनी तीच जोडणी. प्रत्येक मोटर खोक्यावर टकटक करते, सगळ्या मिळून पावसासारखा आवाज होतो. त्याच्या कामांची शीर्षकं म्हणजे मोटरींची संख्या आणि खोक्यांची मापं, जणू भांडाराची यादी. लिथुएनियाचा झिल्विनास केम्पिनास पंख्यांच्या हवेवर जुन्या चुंबकीय टेपची वेटोळी तरंगत ठेवतो. दोघांकडे यंत्र साधं आहे आणि फळ अनिश्चित.

उलट बाजूला मोठ्या कंपन्यांची आणि विमानतळांची गतिशिल्पं आहेत. म्यूनिकच्या बीएमडब्ल्यू संग्रहालयात 2008पासून 714 धातूचे गोळे तारांवर वरखाली होत मोटारींचे आकार रेखतात. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर 2012मध्ये तांब्याचा मुलामा दिलेले 1,216 ॲल्युमिनियमचे थेंब बसवले गेले. दोन्ही बर्लिनच्या आर्ट प्लस कॉम या गटाची. कारागिरी अव्वल आहे, डोळ्यांना सुख आहे. पण प्रत्येक थेंबाची प्रत्येक हालचाल आधीच संगणकात लिहून ठेवलेली. तारेला, थेंबाच्या वजनाला, खोलीतल्या हवेला त्यात बोलायला जागाच नाही. रिकीच्या पात्यात पोलाद भाग घेतं. इथे ते आज्ञा पाळतं. संगणक आल्याने ही कला पुढे गेली असं सरसकट म्हणतात, ते मला मान्य नाही.

भारताचा या इतिहासाशी संबंध जुना आहे. 1955मध्ये गिरा साराभाई यांच्या निमंत्रणावरून काल्डर अहमदाबादला आला आणि साराभाई कुटुंबाकडे राहून त्याने तिथेच शिल्पं केली. मुंबईत जन्मलेले अनिश कपूर यांच्या 2003च्या ‘माय रेड होमलँड’मध्ये 25 टन लाल मेणाच्या वर्तुळावरून पोलादी हात तासाला एक फेरा घेतो, मेण कापतो आणि रचतो. 2010-11च्या हिवाळ्यात वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत त्यांची तोफ कोपऱ्यात मेणाचे गोळे डागत होती, ते मुंबईकरांनी पाहिलं. 2014च्या कोची बिएनालेत त्यांचाच काळ्या पाण्याचा अखंड भोवरा होता.

पण आपल्याकडचं या प्रकारातलं सर्वांत नेमकं काम मी शिल्पा गुप्ता यांचं मानतो. मुंबईच्या, जे. जे.मध्ये शिल्पकला शिकलेल्या. 2009चं, शीर्षकाशिवायचं काम: सोसायटीच्या आवाराला असतं तसं माइल्ड स्टीलचं फाटक भिंतीवर बसवलं आहे आणि मोटरने ते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झुलत भिंतीवर आदळत राहतं. प्रदर्शन जितके दिवस चालतं, तितकं प्लास्टर फुटत जातं, विटा उघड्या पडतात. 2019च्या व्हेनिस बिएनालेत ते जगाने पाहिलं. यात नवं काही घडवलेलं नाही. फाटक कुठल्याही फॅब्रिकेटरकडे मिळेल असं, मोटर बाजारातली. सुरक्षिततेसाठी लावलेली वस्तू ज्या भिंतीच्या आधाराने उभी आहे तिलाच झिजवते, हा सगळा अर्थ फक्त हालचालीतून येतो. फाटक थांबवा, आणि ते पुन्हा सोसायटीचं फाटक होतं. वर सांगितलेली कसोटी याहून चोख कुणी पार केलेली मला माहीत नाही.

आता सगळ्यांत अवघड भाग. हलणारी वस्तू झिजते. बेअरिंग खडखडू लागतं, जुन्या मोटरीचे भाग मिळेनासे होतात, ग्रीस वाळतं. संग्रहालयापुढे पेच असा, की यंत्र चालवलं तर मूळ वस्तू संपते आणि न चालवलं तर शिल्पच नसतं. लंडनच्या टेट संग्रहात गाबोच्या सळईची 1985ची प्रतिकृती आहे. मोहोली-नॉजच्या यंत्राच्याही प्रतिकृती कराव्या लागल्या. ‘अलामो’चा आस बिघडला तेव्हा घन जखडून ठेवावा लागला, आणि 2023मध्ये दुरुस्तीनंतर तो पुन्हा फिरू लागला. मूळ वस्तू पेटीत जपायची आणि प्रतिकृती चालती ठेवायची, हा मार्ग मला योग्य वाटतो. संगीतात आपण हेच करतो. चीज टिकते ती गात राहिल्यामुळे.

हे महाराष्ट्रात मुद्दाम सांगण्याचं कारण आहे. भोसरी-चिंचवडच्या गाळ्यांत, कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत, नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये या कलेला लागणारं सगळं कौशल्य रोज वापरात आहे. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर हवं ते बेअरिंग मिळतं. आपल्या शहरांच्या चौकांत स्टेनलेस स्टीलची शिल्पं उभी राहू लागली आहेत, आणि त्यातली काही हलणारी असतील. किनाऱ्यावर 304 दर्जाचं स्टील खाऱ्या हवेने डागाळतं, तिथे 316च हवं. पावसाळ्यासाठी बंदिस्त बेअरिंग हवं, आणि वर्षातून एकदा ते उघडून पाहणारा माणूस हवा. कलाशाळांनी विद्यार्थ्यांना महिनाभर लेथवर आणि वेल्डिंगच्या शेडमध्ये पाठवावं. आणि ज्या पालिका, ज्या कंपन्या असं शिल्प बसवतील, त्यांना एकच विनंती: उद्घाटनाचा खर्च कमी करा, पण निविदेत पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद लेखी घाला.